विसरत चाललेली बोर : जुन्या वाणांची ओळख आणि जतन

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर तालुक्यात, पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या मार्गावर करकंब हे मोठे गाव आहे. हे गाव व त्याच्या आसपासचा परिसर बोरांच्या बागांसाठी ओळखला जातो. दिवाळी सरली की येथील बोरे बाजारात दिसू लागतात आणि संक्रांतीच्या सुमारास त्यांचा हंगाम ऐन भरात येतो. ह्या बोरांत मोठा वाटा कलमी बागांतील ठरावीक वाणांचा असतो. त्यापूर्वी बांधावर, विहिरीच्या कडेला व परसात जी बोरीची झाडे होती, त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे. त्यांपैकी काही झाडांची फळे चवीला, टिकाऊपणाला किंवा हंगामाला इतरांहून निराळी असतात. अशा झाडाची ओळख कशी पटवावी, त्याच्या फळाचे गुण कसे नोंदवावेत आणि ते झाड जाण्यापूर्वी त्याचा वाण कसा राखावा, ह्याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधूंना व्हावी, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

कोरडवाहू मुलखाचे फळझाड

बोर हे अवर्षणप्रवण भागाला निसर्गानेच दिलेले फळझाड आहे. त्याचे सोटमूळ जमिनीत खोल जाते. चैत्र-वैशाखात जमिनीतील ओल संपते, त्या वेळी झाड आपली पाने गाळून विश्रांती घेते. पाऊस सुरू झाला की नवी फूट येते. ह्या चालू हंगामातील नव्या फुटीवरच पानांच्या बगलेत फुले लागतात आणि पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर फळे पोसतात. फळे तयार होतात ती हिवाळ्यात. ज्या काळात पाण्याची टंचाई अतिशय तीव्र असते, त्या काळात झाडाला पाण्याची फारशी गरजच नसते, असे हे जीवनचक्र आहे. सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनास आरंभ झाला. त्या संशोधनास ज्या अनिश्चित पावसाशी सामना करावा लागला, त्याच पावसावर येथील बांधावरच्या बोरी पिढ्यान्‌पिढ्या फळत आल्या आहेत.

फळाची पौष्टिकताही दुर्लक्षिण्याजोगी नाही. ताज्या बोरात ‘क’ जीवनसत्त्व चांगल्या प्रमाणात असते. ज्या घरी बाजारातील महागडी फळे क्वचितच येतात, त्या घरच्या मुलांना हिवाळाभर हे फळ सहज मिळू शकते.

गावांच्या नावांनी ओळखले जाणारे वाण

बोराच्या प्रसिद्ध वाणांची नावे पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. हरियाणातील कैथलवरून ‘कैथली’ हे नाव आले. पंजाबात पतियाळ्याजवळील सनौर गावाचे नाव ‘सनौर’ वाणांना मिळाले. आज महाराष्ट्रात ज्याच्या बागा सर्वांत परिचित आहेत तो ‘उमराण’ वाण मूळचा राजस्थानातील अलवर भागाचा. ह्यांपैकी कोणताही वाण प्रारंभी प्रयोगशाळेत तयार झालेला नाही. कोणा शेतकऱ्याच्या रानात एखादे झाड इतरांहून सरस निघाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याचे डोळे नेऊन आपल्या झाडांवर भरले आणि कालांतराने त्या गावाचे नाव फळाला चिकटले, अशी अशा वाणांची सर्वसाधारण कुळकथा असते.

महाराष्ट्रातील ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे जळगावचा ‘मेहरूण’ वाण. मेहरूण हे पूर्वी जळगावलगतचे स्वतंत्र गाव होते. तेथील तलाव आजही त्याच नावाने ओळखला जातो. त्या शिवारातील बोरे खानदेशात नावाजलेली होती. मेहरूणचे फळ लहान ते मध्यम आकाराचे, टोकाकडे निमुळते होत जाणारे व गोड असते. ‘उमराण’च्या फळाशेजारी ठेवले असता ते लहान दिसते. परंतु ज्यांना त्याची चव ठाऊक आहे, ते ह्या लहानपणाकडे पाहत नाहीत. पुढे जळगाव शहर वाढत गेले, मेहरूण शहरात सामावले आणि जेथे बोरी उभ्या होत्या तेथे वस्ती झाली. वाणाचे नाव फळबागेच्या पुस्तकांत राहिले. ज्या शिवाराने ते नाव दिले, तेथील झाडे मात्र विरळ झाली.

मेहरूणला निदान नाव तरी मिळाले होते. त्यामुळे त्याची कलमे इतरत्र गेली व वाण पूर्णपणे नाहीसा झाला नाही. करकंबच्या शिवारात किंवा सोलापूर जिल्ह्यातील अन्य कोणत्याही गावी ज्या चांगल्या बोरीला केवळ ‘विहिरीवरची बोर’ किंवा ‘बांधावरची बोर’ एवढीच ओळख आहे, ती तोडली गेल्यास तिची आठवणही एका पिढीपलीकडे राहणार नाही.

जुनी झाडे का गेली ?

ह्याची कारणे समजून घेताना कोणासही दोष देण्याचे प्रयोजन नाही. पहिले कारण बाजाराचे आहे. उमराणचे फळ साधारणतः ३० ते ६० ग्रॅम वजनाचे, अंडाकृती, चकचकीत सालीचे व सोनेरी पिवळे असते. ते डोळ्यांत भरते आणि दूरच्या बाजारात चांगले विकले जाते. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा कोरडवाहू जमिनीसाठी बोर हे एक महत्त्वाचे फळझाड ठरले आणि कलमी बागांचे क्षेत्र झपाट्याने वाढले. त्या बागांनी अनेक कुटुंबांना हलक्या जमिनीतून उत्पन्न मिळवून दिले, हे मान्य केलेच पाहिजे.

दुसरे कारण पाण्याचे आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. कालव्याचे व विहिरींचे पाणी जेथे पोहोचले, तेथे उसाने आणि पुढे द्राक्ष व डाळिंबाने जमीन व्यापली. शेताच्या बांधावरील काटेरी झाड मशागतीस अडचणीचे वाटू लागले. तिसरे कारण अगदी अलीकडचे आहे. थायलंडहून आलेल्या ‘ॲपल बोर’ ह्या मोठ्या फळाच्या वाणाची लागवड गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पसरली आणि नव्या लागवडीचे लक्ष तिकडे वळले.

चौथे कारण खुद्द आपल्या तंत्रातच आहे. जुन्या बोरीचे खोड छाटून त्यावर सुधारित वाणाचा डोळा भरणे हे काम सोपे, स्वस्त व लवकर फळ देणारे आहे. म्हणून त्याचा सर्वत्र प्रसार करण्यात आला. परंतु ज्या झाडाचे खोड छाटावयाचे, त्याची फळे कशी होती हे छाटणीपूर्वी कोणी पाहिले किंवा नोंदवले, असे सहसा घडले नाही. सामान्य झाडांबरोबर काही असामान्य झाडेही ह्या रीतीने नाहीशी झाली.

बी पेरून वाण का राखता येत नाही ?

‘झाड तोडले तरी आठळ्या पेरता येतील’ असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. बोरीच्या अनेक वाणांत स्वतःच्याच परागाने फळधारणा नीट होत नाही. माश्या व मधमाश्या दुसऱ्या झाडावरील पराग आणतात, तेव्हा फळे धरतात. त्यामुळे आठळीतील बी हे दोन निराळ्या झाडांच्या संकराचे असते. गोड बोरीच्या आठळीपासून उगवलेले रोप आंबट किंवा तुरट निघते, ते ह्याच कारणाने. आईचे गुण जसेच्या तसे राखावयाचे असतील, तर त्याच झाडाच्या फांदीवरील डोळा दुसऱ्या खुंटावर भरला पाहिजे. जुना वाण हा त्या झाडाच्या फांद्यांतच जिवंत असतो. शेवटचे झाड गेले की तो वाण गेला.

जुने झाड कसे शोधावे ?

ह्या कामास पौष व माघ हे महिने सोयीचे आहेत. गावातील वडीलधाऱ्या स्त्रीपुरुषांकडे चौकशी करावी. कोणत्या झाडाची बोरे लहानपणी चोरून खाल्ली जात, कोणत्या झाडाची बोरे वाळवून ठेवीत, कोणते झाड सर्वांआधी किंवा सर्वांनंतर पिके, असे प्रश्न विचारले असता उत्तरे चटकन मिळतात. शेळ्या राखणाऱ्यांना शिवारातील प्रत्येक बोर माहीत असते. त्यांनाही अवश्य विचारावे. झाडाला गावात रूढ असलेले नाव, मग ते कितीही साधे असो, जसेच्या तसे लिहून घ्यावे. मालकाची संमती घेऊन झाडाच्या खोडाला क्रमांकाची पत्र्याची पट्टी सैल बांधावी.

संक्रांतीच्या सणाची चौकशीही उपयोगी पडते. भोगीच्या भाजीत, सुगडात आणि लहान मुलांच्या बोरन्हाणात बोर लागते. बालकाच्या डोक्यावरून ओतावयाची बोरे लहानच हवीत. तेथे ५० ग्रॅमच्या फळाचा उपयोग नाही. ह्या कारणाने ज्या घरांत ही रीत पाळली जाते, तेथे लहान फळाची चांगली बोर कोठे आहे हे बहुधा ठाऊक असते.

फळाचे गुण कसे नोंदवावेत ?

झाडाच्या चारही बाजूंनी व मध्यभागातून, पूर्ण तयार झालेली, न किडलेली २५ फळे तोडावीत. जमिनीवर पडलेली फळे नमुन्यात घेऊ नयेत. नंतर पुढील गोष्टी क्रमाने नोंदवाव्यात.

१. वजन : २५ फळांचे एकत्र वजन करून त्यास २५ ने भागावे. एकच मोठे फळ निवडून त्याचे वजन लिहिण्याचा मोह टाळावा.

२. आकार : फळ गोल, अंडाकृती, लांबट की टोकाकडे निमुळते आहे, टोक अणकुचीदार आहे की बोथट, आणि देठाजवळ खळगा आहे काय, हे पाहावे. कागदावर फळ आडवे ठेवून पेन्सिलीने त्याची कड रेखाटल्यास उत्तम.

३. साल व रंग : साल पातळ आहे की जाड, गुळगुळीत आहे की खरबरीत, हे लिहावे. रंग तीन वेळा पाहावा : फळ पोसल्यावर, खाण्यास योग्य झाल्यावर आणि झाडावरच अतिपक्व झाल्यावर. हिरवा, पिवळा व तांबूस ह्या टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यास चव सर्वांत चांगली लागते, हे विशेषेकरून लिहावे.

४. गर : गर कुरकुरीत, पिठूळ की चिकट आहे, रस किती आहे, खाल्ल्यावर तोंडात चोथा राहतो काय, हे पाहावे.

५. चव : गोडी, आंबटपणा व तुरटपणा निरनिराळे लिहावेत. निदान पाचजणांनी, त्यांत मुले व वृद्धही असावेत, एकमेकांस न विचारता मत द्यावे.

६. आठळी : २५ फळांच्या आठळ्या स्वच्छ करून त्यांचे वजन करावे. फळांच्या वजनातून ते वजा केले असता गराचे प्रमाण कळते. लहान फळात आठळीही लहान असेल, तर गराचे प्रमाण मोठ्या फळाच्या बरोबरीनेही भरू शकते.

७. हंगाम : पहिली तोडणी, भर व शेवटची तोडणी ह्यांच्या तारखा लिहाव्यात. इतर बोरांच्या पंधरा दिवस आधी किंवा नंतर येणारे फळ बाजारात वेगळा भाव मिळवू शकते.

८. टिकाऊपणा : तयार झालेली २० फळे टोपलीत घालून सावलीत ठेवावीत. दोन, चार, सहा व आठ दिवसांनी किती फळे सुरकुतली व किती सडली, हे मोजावे.

९. वाळवण : किलोभर फळे उन्हात वाळवून किती भरतात आणि त्यांचे बोरकूट कसे होते, हे घरच्या स्त्रियांकडून समजून घ्यावे.

१०. रोग व कीड : फळमाशीच्या अळ्या किती फळांत आढळल्या, पानांवर व फळांवर भुरी किती आली, हे लिहावे. जुने झाड म्हणून ते रोगमुक्त असेल असे गृहीत धरू नये.

एका वर्षाच्या नोंदीवर निर्णय करू नये. पाऊस कमी झाला तर फळ लहान राहते व गोडी वाढल्यासारखी वाटते. पावसाळा लांबला तर उलट अनुभव येतो. किमान दोन हंगामांच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या म्हणजे तो गुण झाडाचा आहे, असे धरण्यास हरकत नाही.

वाण राखण्याची रीत

जुन्या झाडावर डोळे भरण्याजोगी कोवळी पण जोमदार फूट बहुधा नसते. म्हणून एप्रिल महिन्यात झाडाच्या दोन-तीन फांद्या तेवढ्या छाटाव्यात. पावसाच्या आरंभी त्यांवर नवीन फूट येईल. तिच्यावरील फुगीर, न फुटलेले डोळे असलेल्या काड्या जुलै-ऑगस्टमध्ये कापून घ्याव्यात. पाने काढून देठ तेवढे राखावेत, काड्या ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात आणि शक्यतो त्याच दिवशी वापराव्यात.

खुंट दोन प्रकारे मिळतो. बांधावर सामान्य फळांची रानबोर असल्यास ती मार्च-एप्रिलमध्ये जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर छाटावी. पावसाळ्याच्या सुरुवातीस येणाऱ्या धुमाऱ्यांपैकी निरनिराळ्या दिशांचे तीन-चार जोमदार धुमारे ठेवून बाकीचे काढावेत. ते पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यांवर डोळे भरावेत. रानबोर नसल्यास गावठी बोरीच्या आठळ्या कायम जागी पेराव्यात. आठळ्या प्रथम मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या पोकळ आठळ्या काढून टाकाव्यात. उरलेल्या धुऊन घेऊन, आतील बी न दुखावता हलकेच फोडून पेरल्यास उगवण लवकर होते. कायम जागी उगवलेल्या रोपाचे सोटमूळ मोडत नाही व ते कोरडवाहू जमिनीत चांगले टिकते.

डोळा ढालीच्या आकाराचा किंवा चौकोनी ठिगळासारखा काढून खुंटावरील तेवढ्याच खाचेत बसवावा आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावा. साधारण १५ ते २० दिवसांनी डोळा हिरवा दिसल्यास तो जगला असे समजावे. नंतर त्याच्या वरचा खुंटाचा शेंडा छाटावा आणि खुंटावर खालून येणारी फूट वारंवार काढावी. ह्या कामात हयगय झाल्यास खुंटच वाढतो, डोळा मागे पडतो आणि काही वर्षांनी भलत्याच झाडाला जुन्या वाणाचे नाव चिकटते.

एका वाणाची झाडे एकाच शेतात ठेवू नयेत. निदान तीन शेतकऱ्यांकडे प्रत्येकी दोन झाडे असावीत. म्हणजे एखादी विहीर आटली, रस्ता रुंद झाला किंवा जमिनीची वाटणी झाली, तरी वाण राहील. नवीन झाडे मूळ झाडाप्रमाणेच फळे देतात, अशी खात्री पटेपर्यंत मूळ झाडावर कुऱ्हाड चालवू नये.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. दुर्लक्षित बोरीखाली सडणाऱ्या फळांतून फळमाशीची पैदास होते. तिच्या अळ्या जमिनीत जाऊन कोषावस्थेत राहतात आणि शेजारच्या कलमी बागेस उपद्रव करतात. जो शेतकरी जुने झाड राखील, त्याने पडलेली व किडलेली फळे वेचून नष्ट करावीत आणि उन्हाळ्यात झाडाखालील जमीन उकरून ठेवावी. अन्यथा शेजाऱ्याची तक्रार रास्तच ठरेल.

नोंदीचा पुढील उपयोग

केंद्र शासनाच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांनी जोपासलेल्या वाणांच्या नोंदणीची तरतूद केली आहे आणि अशा नोंदणीसाठी शेतकऱ्यास शुल्क माफ आहे. ह्यासाठी वाणाचा वेगळेपणा दाखवावा लागतो आणि तेथे वरील नोंदवही उपयोगी पडते. सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांना मोहोळ येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी ह्याबाबत विचारविनिमय करता येईल. बिकानेर येथील केंद्रीय शुष्क बागायती संस्थेत बोराच्या अनेक प्रकारांचा संग्रह जोपासलेला आहे. त्या संस्थेने प्रसारित केलेला ‘थार भुभराज’ हा वाण राजस्थानातील भुसावर भागातील स्थानिक झाडांतूनच निवडलेला आहे. एका गावच्या झाडांची दखल घेतली गेल्याने हे घडले.

उमराणच्या बागा तोडून जुन्या बोरी लावाव्यात, असे येथे सुचवावयाचे नाही. बागेचे उत्पन्न ज्या वाणावर अवलंबून आहे तो वाण शेतकऱ्याने अवश्य राखावा. परंतु पाऊस, बाजार व रोग ह्या तिन्हींचे रूप बदलत असते. आज ज्या गुणाला किंमत नाही, उदाहरणार्थ लवकर येणे, वाळवणास योग्य असणे किंवा कमी ओलीवर फळणे, त्याची उद्या गरज भासली तर तो गुण आणावयाचा कोठून ? तो ज्या झाडात आहे, ते झाड तोपर्यंत उभे असले पाहिजे.

करकंब व आसपासच्या गावांतील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात आपल्या गावातील निदान एका जुन्या बोरीची पूर्ण नोंद करावी आणि पुढील पावसाळ्यात तिचे सहा डोळे तीन शेतांत भरावेत. ह्यास खर्च नाममात्र आहे. लागतो तो थोडा वेळ, एक वही आणि एक धारदार चाकू.